आधी पायाला हात

वार्डात शिरल्या की मोठ्या सिस्टर आधी पायाला हात लावायच्या. चेहरा नंतर, नाडी नंतर, कागद तर फारच नंतर. पलंगाच्या पायथ्याशी उभं राहायचं, पांघरुणाची कड जराशी सारायची आणि पेशंटच्या अंगठ्यावर पालथी बोटं टेकवायची. मनात तीनपर्यंत मोजावं इतकाच वेळ. मग पुढचा पलंग. बावीस पलंगांच्या पायाशी त्या अशा वाकत वाकत जायच्या, आणि म्हाताऱ्या पेशंटांना वाटायचं, काय संस्काराची बाई आहे, रोज येऊन पाया पडते. "जीती रह बेटी," एखादे आजोबा हात वर करून म्हणायचे. एखादी आजी उशाखालून बत्तासा काढून त्यांच्या हातावर ठेवायची. तो त्या कोटाच्या खिशात टाकायच्या आणि विसरून जायच्या. त्यांच्या खिशात बारा महिने मुंग्या असायच्या.

तुम्ही कधी दवाखान्यात कुणाच्या उशाशी बसला असाल तर आठवून पाहा. आपण सगळे चेहऱ्याकडे बघत असतो. हल्ली मला स्वप्नात आमचा वार्ड दिसतो तो मात्र पायथ्याकडून. लांबच लांब खोली, मधे हिरवा पडदा, अलीकडे पुरुष, पलीकडे बायका. चादरींच्या टोकाला पायच पाय. माहुराचा लाल रंग लावलेले, भेगाळलेले, धानाच्या बांधीतल्या चिखलाची रेघ नखात राहून गेलेले. चेहरे धुक्यात असतात. आणि पडद्याच्या पलीकडे कुणीतरी हळूहळू वाकत चाललेलं असतं. मी हाक मारायला जाते आणि जाग येते.

मी बालाघाटला त्या छोट्या दवाखान्यात नोकरीला लागले तेव्हा माझं नर्सिंगचं शिक्षण ताजं होतं आणि डोकं गरम. काम भरभर उरकणं म्हणजे काम चांगलं करणं, अशी माझी समजूत होती. पहिल्याच आठवड्यात मला या पाया पडण्याचा राग आला. इकडे सलाईन संपत आलंय, तिकडे इंजेक्शनं राहिलीत, आणि ही बाई नमस्कार करत फिरते आहे. शेवटी मी विचारलंच, "सिस्टर, तुमी सगळ्याइच्या पाया काहून पडता?"

त्या इतक्या हसल्या की त्यांना स्टूल ओढून बसावं लागलं.

"पाया नाही पडत वो पोरी. अंगात रगत कमी पडलं का शरीर पयले पायाचं बंद करते. काळजाले देते, मेंदूले देते, पायाले म्हणते, तू थांब. घरात पाव्हणे जास्त आले तं घरची बाई पयले आपलं ताट उचलून घेते न, तसंच. पाय थंड लागले का समजाचं, आत ताटं कमी पडून राह्यली."

हार मानायची माझी सवय नव्हती. मी म्हटलं, थंडीत तर साऱ्यांचेच पाय गार असतात. त्यातून काय कळतं?

"मंग हात वर ने. घोट्याले लाव, पोटरीले लाव, गुडघ्याले लाव. थंडी किती वर चढली ते पाह्य. गुडघा थंड झाला तं मंग तुले बसाले वेळ नाही."

वार्डात त्या सगळ्यांशी हिंदीत बोलायच्या. मी राजेगावची, म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीवरची, हे कळल्यावर माझ्याशी मात्र मराठी. माझ्या वयाच्या बाकीच्या नर्सा हिंदीतच बोलत आणि आमचं बोलणं ऐकून हसत. मला ते आवडायचं. घरून डबा यावा तसं वाटायचं.

ड्यूटी सुरू होताना त्यांची आणखी एक तऱ्हा होती. वार्डाच्या दारात त्या नुसत्या उभ्या राहायच्या. चौकटीला खांदा टेकलेला, डोळे अर्धे मिटलेले. वैनगंगेवरून आलेलं धुकं हिवाळ्यात खिडक्यांपर्यंत यायचं, आणि त्या पांढुरक्या उजेडात ही बाई उभ्या उभ्या झोपली आहे असंच कुणालाही वाटलं असतं. एका नव्या डॉक्टरांनी थट्टा केली, "सिस्टर, सपना देख रही हो क्या?"

"हौ साहेब," त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "सपनाच पाहून राह्यली."

त्या ऐकत असायच्या. कोण कण्हतंय, कोण नातेवाइकावर खेकसतंय, कोण पाणी मागतंय, हे सगळं ऐकून झालं की ज्या पलंगावरून काहीच ऐकू आलं नाही तिकडे आधी जायच्या. याचं एक सूत्रच होतं त्यांचं. दिवसातून चारदा तरी म्हणायच्या, "ओरडते त्याले वेळ हाय. चुप कोण हाय ते पाह्य."

माझ्या आईची शिकवण याच्या उलट होती. आमच्या घरात आम्ही पाच भावंडं. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, असं ती उठता-बसता सांगायची, आणि आम्ही पाचही जण मोठ्याने रडायला शिकलो होतो. हे मी मोठ्या सिस्टरांना एकदा सांगितलं.

"माय नाही पाजत," त्या म्हणाल्या, "म्हणूनच तं नर्स ठेवली."

एकदा एक गृहस्थ बोट चेंगरून घेऊन आले. जीपच्या दारात सापडलं होतं. बरोबर सहा माणसं, आणि साऱ्यांचा आवाज मिळून यांचा एकट्याचा. पहले हमको देखो, पता है हम कौन हैं, वगैरे. मी घाबरून त्यांच्याकडे निघाले होते. मोठ्या सिस्टरांनी मला बाजूला केलं, त्यांच्या पुढ्यात जाऊन हात जोडले आणि म्हणाल्या, "भैया, पूरे वार्ड में आपकी आवाज़ सबसे अच्छी है. आप पाँच मिनट बैठिए. जिसकी आवाज़ नहीं निकल रही, उसको देख के आती हूँ."

गृहस्थ बसले. पाचाची वीस मिनिटं झाली. पट्टी बांधताना ते बारीक आवाजात विचारत होते, "सिस्टर, मेरी आवाज़ अभी भी ठीक है ना?"

मोठ्या सिस्टरांनी लग्न केलं नव्हतं. बालाघाटला एका खोलीत राहायच्या. माहेर परसवाड्याकडच्या एका खेड्यात. वडील शाळामास्तर, थोडी धानाची शेती. घरात बुद्धाची तसबीर, आणि कोणाच्याही पायाशी वाकायचं नाही ही मास्तरांची मुलांना शिकवण. ते एकदा पिशवीत नवा तांदूळ घेऊन लेकीला भेटायला आले आणि दारातूनच त्यांना लेक दिसली, एकामागून एक पायांशी वाकणारी. ते बाहेर येऊन बाकावर बसले ते भिंतीकडे तोंड करून. पाणी दिलं तर घेईनात.

मोठ्या सिस्टरांना कळायला वेळ लागला नाही. त्या बाकासमोर खाली बसल्या, बापाची चप्पल काढली आणि अंगठ्यावर बोटं टेकवली.

"गरम हायेत, बाबा. म्हणून तुमी आले तरी मी तुमच्याजवळ नाही आली, तिकडंच राह्यली. तिथं एकाचे थंड हायेत."

मास्तरांनी तांदळाची पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. मग म्हणाले, "असं असन तं मले राग नाही." त्यानंतर ते कधीही आले की बाकावर बसून आधी स्वतःच चपला काढायचे आणि लेक येईपर्यंत पाय पुढे करून ऐटीत बसून राहायचे.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला अजूनही जड जातं. पण ते गाळलं तर त्या कोण होत्या हे तुम्हाला कळणार नाही.

पायांची गोष्ट हळूहळू पेशंटांच्या नातेवाइकांना कळली होती. पण जशी कळायला हवी तशी नाही. मोठ्या सिस्टरांनी एखाद्याच्या पायाला हात लावला, कपाळाला आठी घातली, की तासाभरात गाडी येते आणि तो पेशंट गोंदियाला जातो, एवढंच त्यांनी पाहिलं होतं. आमच्या दवाखान्यात रक्त नव्हतं, मोठी ऑपरेशनं नव्हती. जो फार बिघडला तो गोंदियाला. आणि फार बिघडलेल्यांतले काही परत यायचे नाहीत. त्यातून लोकांनी गणित मांडलं: ज्याचे पाय थंड, त्याला सिस्टर गोंदियाला पाठवते, आणि गोंदियाला गेला तो गेला. मग बाया पहाटेच पेशंटचे पाय चोळायला लागल्या. मोजे आले. कुणी कढत पाण्याची बाटली आणली. राउंडच्या आधी वार्डात पाय शेकण्याची अशी काही गडबड सुरू झाली की लग्नघरात हळदीची होते. मला त्याची गंमत वाटायची. मोठ्या सिस्टरांनाही आधी वाटली असावी, कारण त्या काही बोलल्या नाहीत. पुढे त्या म्हणाल्या की तिथं त्यांचंच चुकलं. पण ते पुढे.

पौषातला दिवस होता. धुकं दहा वाजून गेले तरी हटत नव्हतं, आणि उन्हाचा नुसता रंग आत आला होता, ऊब नव्हती. मोठ्या सिस्टर दोनला येणार होत्या. तोवर वार्ड माझा. अलीकडे एका मुतखड्याच्या पेशंटने आकाशपाताळ एक केलं होतं. माणसाला खरंच दुखत होतं, नाटक नव्हतं. पलीकडे एका लहान मुलीची सलाईनची सुई निघाली होती आणि तिची आई माझा कोट ओढत होती. आणि अगदी शेवटी, बाविसाव्या पलंगावर, पहाटे बाळंत झालेली एक पोरगी. एकोणीस-वीस वर्षांची. तळपायांना माहूर. बाळ कुशीत, सासू पायथ्याशी बसलेली.

मी तिच्या पायाला हात लावला. छान गरम. इतके गरम पाय त्या दिवशी वार्डात दुसऱ्या कोणाचेच नव्हते, माझे तर नाहीच. मी कागदावर लिहिलं, पाय गरम. तिला विचारलं, "कसं वाटते?"

तिने डोळे उघडले. फार लांबून आल्यासारखी माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मी बरी हाय, दीदी. तुमी तिकडं जा. त्या भाऊले लय दुखून राह्यलं."

मला ती पोरगी इतकी आवडली. असे समजूतदार पेशंट असले तर नर्सचं काम किती सोपं होईल, असं मनात म्हणत मी मुतखड्याकडे पळाले.

दोन वाजता मोठ्या सिस्टर आल्या. दारात उभ्या राहिल्या, डोळे मिटले. मुतखडा ओरडतच होता. मी हातातलं काम न सोडता त्यांना सांगायला लागले, याचं असं आहे, तिचं तसं आहे. त्यांनी नुसता हात वर केला. मग सरळ चालत पडद्याच्या पलीकडे गेल्या, शेवटपर्यंत.

मी मागोमाग गेले तेव्हा त्या बाविसाव्या पलंगाशी उभ्या होत्या. एक हात पोरीच्या पावलावर. मग पोटरीवर. मग गुडघ्यावर. तिथे हात थांबला.

"पाय गरम अन् गुडघा थंड," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "हे उलटं कसं?"

त्यांनी रजई पूर्ण वर केली. पावलांखाली फडक्यात बांधलेली कढत मिठाची पुरचुंडी होती. दुसरी पुरचुंडी सासूच्या मांडीवर, पदराखाली. बदलून बदलून ठेवत होती बिचारी. सकाळपासून.

पुढचं सगळं मला पाण्याखालून बघावं तसं आठवतं. मोठ्या सिस्टरांनी नाडी धरली. मग हात पोरीच्या पोटावर ठेवला आणि गर्भाशय चोळायला सुरुवात केली. रक्त बाहेर थोडं आणि आत फार साठलं होतं. ते आता आलं. मी पळायला लागले तशा त्या म्हणाल्या, "पळू नको. चाल. पयले डॉक्टरले सांग. मंग दोन सलाईन, मोठ्या सुया. मंग गाडी." तीन कामं, याच क्रमाने. माझं डोकं बंद पडलं होतं, पण तीन कामं मला कळली. मुतखडा अजून ओरडत होता. पोरीच्या पोटावरचा हात न काढता पडद्यापलीकडून त्यांनी त्याला एवढंच म्हटलं, "भैया, आपका दर्द सुन रही हूँ. भूली नहीं हूँ." आणि तो खरंच थोडा गप्प झाला.

गाडीत पोरीबरोबर त्यांनी मला पाठवलं. मला वाटलं, शिक्षा म्हणून. त्यांनी माझा हात धरून पोरीच्या गुडघ्यावर ठेवला. "हा हात काढजो नको. दुसऱ्या हातानं पोट चोळत राह्य. गरम झाला का मले फोन कर." बाळाला त्यांनी स्वतःजवळ ठेवून घेतलं.

बालाघाट-गोंदिया रस्ता मी लहानपणापासून शेकडो वेळा पाहिला होता. त्या दिवशी तो रस्ता संपत नव्हता. दोन्ही बाजूंना धान कापलेल्या रिकाम्या बांध्या, त्यांवर पातळ धूर, दुपारचं पिवळं ऊन. सगळं खिडकीपाशी यायचं आणि आवाज न करता मागे जायचं. माझ्या तळव्याखाली तिचा गुडघा, विहिरीतल्या दगडासारखा. समोर सासू. मी तिला नको ते बोलले. तुम्ही मारलं असतं तिला, म्हणाले. तुमाले काही समजते का, म्हणाले. ती ऐकून घेत होती. माझं बोलणं संपल्यावर म्हणाली, "माह्या पोरीले याच रस्त्यानं नेलतं, बाई. बाळंतपणातच. मी मागच्या गाडीनं पोचली तं तिचं तोंड झाकून ठेवलं होतं. इथं ऐकलं का सिस्टर पायाले हात लावते अन् नेते, तं मी म्हटलं, हिचे पाय थंड होऊच नाही द्याचे."

मी खिडकीबाहेर बघायला लागले. तिनं प्रेमाने केलं होतं आणि मी घाईने. दोघींनी मिळून त्या पोरीला मरणाच्या दारापर्यंत नेलं होतं, आणि पोरीनं स्वतः तर आम्हाला त्रास नको म्हणून तोंडही उघडलं नव्हतं.

राजेगाव आलं. माझं घर रस्त्यापासून दोन गल्ल्या आत. धानाच्या ट्रकांची रांग लागली होती, गाडी थोडा वेळ थांबली. आणि तिथे, रस्त्याच्या कडेला, मला माझ्या तळव्याखाली काहीतरी वेगळं लागलं. गरम नाही. पण दगडही नाही. मी सासूचा हात ओढून तिथे ठेवला. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघीही रडलो.

पोरगी जगली. गोंदियाला रक्त चढलं, ऑपरेशन झालं. फाल्गुनात ती बाळाला घेऊन आली आणि मोठ्या सिस्टरांपुढे बाकावर बसून, लाजत, तिने पाय पुढे केले.

पण मला सांगायचं आहे ते दुसऱ्या दिवसाचं. मी ड्यूटीवर आले ती बोलणी खायच्या तयारीने. नोकरी सोडायची चिठ्ठीही लिहून हातात धरली होती. मोठ्या सिस्टर कागद घेऊन बसल्या होत्या. माझ्या अक्षरात होतं, पाय गरम. त्यांनी ते खोडलं नव्हतं. त्याच्याखाली वेळ टाकून लिहिलं होतं, गुडघे थंड.

"चूक माही पण हाय," त्या म्हणाल्या. "लोक पाय शेकून राह्यले, मी पाहत होती. हसत होती. एकदा बसून त्याइले सांगाले पायजे होतं का गोंदियाले काहून नेतो. मले वाटलं, माह्या हाताले सगळं समजते."

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं. मग विचारलं, "तू गेली तवा ते पोरगी काय म्हणली?"

मी सांगितलं. मी बरी हाय, तुमी तिकडं जा.

त्यांनी कागद बाजूला ठेवला. "पोरी, ज्याले खरंच बरं असते ते माणूस थोडं तरी कुरकुरते. चहा थंड हाय म्हणते, चादर खराब हाय म्हणते. स्वतः पलंगावर पडून असून जे माणूस तुले दुसऱ्याकडं पाठवते, तिथून हलाचं नाही. तिथंच बसाचं." मग म्हणाल्या, "अन् ते चिठ्ठी फाडून टाक. तुह्या हातून आता अशी चूक होणार नाही. तुह्या जागी नवीन पोरगी आणली तं तिच्या हातून होईन."

त्या दुपारी त्यांनी वार्डातल्या सगळ्या नातेवाइकांना गोळा केलं आणि पाय थंड का पडतात ते सांगितलं. ताटाचीच गोष्ट सांगितली. बाया ऐकत होत्या. एक आजी म्हणाली, "हमको तो लगा आप पैर पड़ती हो." आणि सगळा वार्ड हसला.

मोठ्या सिस्टर रिटायर झाल्या तेव्हा भाषणं झाली, शाल झाली. त्यांना बोलायला सांगितलं तर त्या म्हणाल्या, बावीस नंबर चूप आहे, आधी तिकडे जाऊन येते. गेल्या त्या परत आल्याच नाहीत. भाषणं संपल्यावर आम्ही पाहिलं तर त्या बावीस नंबरच्या म्हातारीला पेज पाजत बसल्या होत्या, शाल तिच्या पायांवर पांघरून.

गेल्या वर्षी त्यांच्या पुतणीचा फोन आला. आत्याचं काळीज थकलं आहे, औषधं आता लागू पडत नाहीत, नागपूरच्या डॉक्टरांनी आणखी काही दिवस तिथे ठेवू म्हटलं होतं, पण आत्या हट्टाने घरी आली. तिथला पलंग कोणा दुसऱ्याला लागेल म्हणते.

मी सकाळच्या बसने गेले. परसवाड्यावरून पुढे, जंगल सुरू व्हायच्या आधीचं गाव. अंगणात धान वाळत होतं आणि त्याचा वास घरभर होता. खिडकीतून येणाऱ्या उन्हात धुळीचे कण इतके सावकाश फिरत होते की मलाच गुंगी आल्यासारखं झालं. मोठ्या सिस्टर खाटेवर पडल्या होत्या. लहान झाल्या होत्या. मी पायथ्याशी उभी राहिले, रजईची कड सारली, पालथी बोटं टेकवली.

पाय गरम होते. रबरी पिशवी होती खाली. पुतणी दाराशी उभी राहून सांगत होती, "आत्याले थंडी वाजते, म्हणून मी दर घंट्याले पाणी बदलून राह्यली. पाय थंड नाही होऊ देत."

माझा हात आपोआप वर गेला. पोटरी. गुडघा. मी तिथे थांबले. तोच विहिरीतला दगड.

मोठ्या सिस्टरांनी डोळे उघडले नाहीत. त्यांना कळलं होतं माझा हात कुठे आहे ते.

"तुही दोनची ड्यूटी हाय न?" त्या म्हणाल्या. आवाज उन्हातल्या धुळीइतका हलका. "बाराची बस भेटन. जाय तू. मी बरी हाय."

मी फोन काढला आणि त्यांना ऐकू जाईल असा दवाखान्यात लावला. आज येत नाही म्हणाले. माझ्याऐवजी कोणाला तरी बोलवा. मग खाटेवर बसले, पाय वर घेऊन, मांडी घालून, हलायचं नाही अशी.

त्यांच्या ओठांच्या कडेला हसू आलं. "शिकली एकदाची," म्हणाल्या.

बाहेर कोणीतरी पायांनी धान पसरवत होतं, त्याचा खसखस आवाज येत होता. बारा वाजले. बस गेली असावी. पुतणीने निवलेली पिशवी उचलली, ती छातीशी धरून माझ्याकडे पाहत राहिली आणि हळू विचारलं, "मावशी, तुमाले तं समजते. पाय गरम हायेत न?"

"हौ," मी म्हटलं. "चांगले गरम हायेत. तू अशीच भरत राह्य."

ती पाणी तापवायला आत गेली. मी गुडघ्यावरचा हात काढला नाही.